रंग गेलेला बॉम्ब

बॉम्बशी गाठ पडली तर माणसाने घाबरू नये, आधी त्याची जात ओळखावी, असं दाजी परब गंभीरपणे सांगत. सव्वीस वर्षं ते दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. बॉम्ब फुटताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते बॉम्बना रंग देत. फुटणाऱ्याला पिवळा पट्टा, आग लावणाऱ्याला तांबडा, धूर करणाऱ्याला हिरवा. सरावाचा, आत नुसतं सिमेंट भरलेला, तो सगळा निळा.

म्हणून चौऱ्याऐंशी साली तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यात बांगड्यांबरोबर तीन फुटी बॉम्ब ओढला गेला, तेव्हा बोलावणं दाजींनाच आलं.

"दाजीनू, जात सांगा," धोंडू तांडेल म्हणाला.

दाजी दोनदा भोवती फिरले. खाऱ्या पाण्याने रंग खाल्ला होता. गंज तेवढा उरला होता.

"रंग नाय रे ह्येका."

"मगे परत दर्यात सोडूया?"

"हात लावू नको. पथक येयपर्यंत मी हय बसतंय."

बॉम्ब निकामी करणारं लष्करी पथक पुण्याहून यायचं होतं. दाजी छत्री न्यायला घरी गेले. त्यांची बायको सुगंधा महिनाभर दम्याने अंथरुणावर होती. बॉम्बच्या जाती तिने भाकऱ्या थापताना इतक्या वेळा ऐकल्या होत्या की तिला पाठ होत्या.

"सरावाचो आसतलो," ती म्हणाली. "खरो बॉम्ब हय कित्याक टाकतले? बांगडे मारूक?"

"तुका काय कळता गो? रंग दिलंस कधी?"

"नाय दिलंय. पण आज घराकडे रवा. माका बरा वाटणा नाय."

"पोरा खेळतत थय," दाजी म्हणाले आणि गेले.

दोन दिवस ते छत्रीखाली बसले. शेजारची हौसाबाई दुपारी पेज घेऊन येई आणि बरोबर निरोप.

"येतास काय, इचारता ती."

"सांग, पथक इला की येतंय."

तिसऱ्या दिवशी हौसाबाई रिकाम्या हाताने आली. थोडा वेळ वाळूत बसली.

"दाजीनू, घराक चला."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग बॉम्बकडे.

"हय कोण बसतलो?"

लांब उभ्या असलेल्या रापणकरांतून धोंडू पुढे आला. त्याने दाजींच्या हातातली छत्री घेतली.

"मी बसतंय. तुमी जावा."

पथक चौथ्या दिवशी आलं. साहेबाने शेपटीच्या पत्र्याखाली खरवडलं, तर नखाएवढा निळा रंग निघाला. आत सिमेंट. हे दाजींना सांगायला कोणी जाईना. संध्याकाळी धोंडूच गेला.

दाजी सुतकात ओट्यावर बसले होते. धोंडूने छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

"निळो होतो, दाजीनू."

"म्हायत आसा," दाजी म्हणाले. "तिना सांगितलेला."

सिमेंट पुण्याला नेऊन काय करायचं, म्हणून पथकाने बॉम्ब तिथेच सोडला. रापणीची होडी आता त्याला बांधतात.