आयलीच्या हातची वडी

डेल रुओनाचं बीपी खाली येईना आणि माझा पारा वर चढत होता.

"गोळ्या घेतोस ना रोज?"

"घेतो."

"दोन्ही?"

"दोन्ही. सकाळी कॉफीबरोबर. किती वेळा विचारशील, बेव?"

मी आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स प्रॅक्टिशनर आहे. डॉक्टर नाही, पण तपासते मी, औषध लिहिते मी आणि त्याखाली सही माझीच असते. सही केली की त्या औषधाने पुढे जे बरंवाईट होईल तेही माझ्याच खात्यात. मिशिगनच्या ह्या उत्तर टोकाला बर्फ आणि झाडं सोडली तर फारसं काही नाही, आणि डेल ती झाडं वाहतो. ओंडक्यांचा ट्रक चालवायला आरोग्याचं कार्ड लागतं, ते देणारीही मीच. मागच्या खेपेला बीपी जास्त होतं म्हणून मी त्याला तीनच महिन्यांचं कार्ड दिलं होतं. येत्या सोमवारी ते संपणार होतं. कार्ड नाही तर ट्रक नाही, आणि साठी उलटलेल्या ड्रायव्हरला आमच्याकडे दुसरं काम कोण देणार?

दुसरा कुणी असता तर मी सरळ म्हटलं असतं, थापा मारू नकोस, तू गोळ्या विसरतोस. पण डेल आणि मी लहानपणी रविवारी चर्चच्या शाळेत एका बाकावर बसायचो, आणि शिकवायची त्याचीच आई, आयली. आठवड्यात काय वाईट केलं ते जो खरं सांगेल त्याला तिच्या हातून ज्येष्ठमधाची काळी, खारट वडी मिळायची. फिनलंडहून आलेल्या घरांतल्या आम्हा पोरांचा त्या वडीवर इतका जीव की निम्मी पोरं न केलेली पापंसुद्धा कबूल करायची. मीही. डेलने मात्र वडीसाठीदेखील कधी पाप रचून सांगितलं नाही. काही केलं नसेल तर तसाच हात हलवत घरी जायचा, बावळट.

"तिसरी गोळी लिहून टाक ना," तो म्हणाला. "सोमवार आला."

मी ती टाइप केलीच होती. लघवी वाढवून अंगातलं पाणी आणि मीठ काढणारी साधी गोळी. तिसरी म्हणून कुणीही हीच लिहिली असती. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"रक्ताचा रिपोर्ट येऊ दे उद्या," मी म्हटलं.

"रक्त काय ट्रक चालवतंय?"

"हो, तेच चालवतंय. जा आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. पोटॅशियम फारच खाली होतं. ते कमी झालं की हृदयाची लय बिघडते, कधीकधी थांबतेही. मी लिहिणार होते त्या गोळीने उरलंसुरलं पोटॅशियमही धुऊन नेलं असतं, आणि हा भरलेला ट्रक घेऊन घाटातून उतरत असता. फोन केला तर डेल उचलेना. ह्या वेळी तो कुठे असतो ते गावातल्या कुणालाही विचारा. मी गाडी काढली आणि वृद्धाश्रमात गेले.

आयली खिडकीपाशी बसली होती. नव्वदीची बाई, हाडांची मोळी झालेली, पण केस अजून चापूनचोपून बसवलेले. समोरच्या स्टुलावर डेल, गुडघे हनुवटीला टेकतील असा बसलेला. मी दारातच थांबले.

"आज खरं बोललास का, बाळा?" ती विचारत होती.

"हो, आई."

"मग घे." तिने ड्रॉवरमधल्या पिशवीतून एक काळी वडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली. तिचा चेहरा असा उजळला की मलाच गलबलून आलं. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. जरा वेळाने वळून त्याच्याकडे पाहिलं, जणू तो आत्ताच आला होता.

"आलास? आज खरं बोललास का, बाळा?"

"हो, आई."

"मग घे."

पिशवी रिकामी होईपर्यंत हे चाललं.

बीपी वर ढकलायचं आणि पोटॅशियम खाली ओढायचं, ही दोन्ही कामं एकदम करणाऱ्या गोष्टी जगात थोड्याच आहेत. त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोर, आईच्या हातून लेकाच्या हातात जात होती.

मी त्याला बाहेर बोलावलं.

"काय काय खातोस ते मी तुला दहादा विचारलं होतं, डेल!"

"मग? सांगितलं की सगळं."

"आणि ह्या वड्या?"

तो खरोखरच गोंधळला. "ते काय खाणं आहे होय? ती आई देते."

"पिशवी कोण आणतं?"

"मीच. रोज येताना."

मी त्याला समजावलं. ज्येष्ठमध थोडं असलं तर खोकल्याला बरं. पण रोज पिशवीभर खाल्लं तर ते शरीरात मीठ अडवून धरतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. माझ्या दोन गोळ्या सकाळी बीपी खाली खेचत होत्या आणि संध्याकाळी आई ते वर चढवत होती.

"उद्यापासून पिशवी बंद."

"एकदा संपली होती," तो म्हणाला. "दुकानात नव्हती. ड्रॉवर उघडून उघडून दमली बिचारी. रडायला लागली. मग मला म्हणाली, तुम्ही कोण? माझ्या मुलाला बोलवा." त्याने टोपी काढली, परत घातली. "वडी असली की मी तिचा मुलगा असतो, बेव. नसली की कुणी परका."

मला सगळ्या औषधांचे डोस पाठ आहेत. ह्याचा डोस कुठल्या पुस्तकात बघायचा?

"पिशवी राहू दे," शेवटी मी म्हटलं. "ती देईल ती घे. पण खायची नाही. खिशात टाकायची आणि निघताना परत पिशवीत."

"ती विचारते. खाल्लीस का म्हणून."

"मग खाल्ली म्हण."

तो माझ्याकडे बघतच राहिला. बर्फातून अनवाणी चाल म्हटलं असतं तर तो चालला असता.

"आईला?"

"आईला."

त्याच संध्याकाळी मी त्याच्या हृदयाचा आलेख काढला, पोटॅशियम सुरू केलं आणि ती तिसरी गोळी पुसून टाकली. सोमवारी कार्ड संपलं. ट्रक अंगणात बर्फाखाली उभा राहिला. डेल दर आठवड्याला रक्त द्यायला यायचा, कोट काढायचा, हात पुढे करायचा. फार बोलायचा नाही. मीही त्या खोट्याबद्दल काही विचारलं नाही. खरं तर विचारायला धजले नाही.

बर्फ वितळू लागलं तोवर पोटॅशियम जागेवर आलं आणि बीपी मला हवं तिथे उतरलं, त्याच जुन्या दोन गोळ्यांवर. मी वर्षभराच्या कार्डावर सही केली आणि वाटलं, आता हा हसेल. त्याने कार्ड घेतलं, शर्टाच्या खिशात ठेवायला गेला आणि त्याचा हात तिथेच थांबला. खिशातून त्याने मूठभर काळ्या वड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"कालच्या आहेत," तो म्हणाला. "परत पिशवीत टाकायला हात उचलत नाही. तिने विचारलं, खाल्लीस का? मी म्हटलं, खाल्ली. तर म्हणते, खरं बोललास बाळा. घे, आणखी एक घे."

मी कुठल्याही औषधाचा त्रास आधी सांगते. मळमळेल, चक्कर येईल, कोरडा खोकला येईल. ह्या खोट्याचा त्रास मी सांगितला नव्हता.

"हे औषध किती दिवस घ्यायचं, बेव?"

"आई आहे तोवर."

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि दारापर्यंत गेला.

"मग पुष्कळ दिवस चालू दे," तो म्हणाला.