चॅम्पियनचा खुबा

अण्णा दुकानात शिरला तोच मुळी मोठ्या आवाजात. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची त्याने पर्वा केली नाही.

"बेबी, मोहरी माजावर आली की लगेच कळव. कर्नलशी लावून टाकू. मी लोकांना सांगितलंय."

बेबीच्या हातात चष्म्याची फ्रेम होती आणि चिमट्यात कणाएवढा स्क्रू. तो निसटून कुठे गेला ते तिला दिसलंही नाही. पन्नाशी उलटली, चष्म्याचं दुकान एकटीच्या जोरावर उभं केलं, सगळा बाजार तिला 'बाई' म्हणायचा. पण थोरला भाऊ उंबऱ्यात आला की ती पुन्हा बेबी व्हायची.

"कुणाला सांगितलंस?"

"कुत्र्यांच्या क्लबात. चौघांनी तर पिल्लं बोलूनही ठेवलीत."

"मोहरी माझी आहे अण्णा."

"आणि नवरदेव माझा! घरचं घरात. अगं, लोक कर्नलसाठी माझ्या दारात रांगा लावतात. तुला आयता मिळतोय तर भाव खाऊ नकोस."

एवढं बोलून तो गेलासुद्धा. म्हाताऱ्याने विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" बेबी म्हणाली, "कुत्रीचं," आणि खाली वाकून स्क्रू शोधू लागली. कान तापले होते तिचे.

मोहरी ही तिची लॅब्रेडोर कुत्री. गुणी, खादाड, दुकानात टेबलाखाली झोपून राहणारी. तिची एक वीण व्हावी असं बेबीलाही वाटत होतं. पण नर निवडायचा म्हटलं की तिला टिकली आठवायची. टिकली मोहरीच्या आधीची. तीही अण्णानेच पसंत करून आणली होती. "बाप चॅम्पियन आहे, डोळे झाकून घे," म्हणाला होता. बेबीने खरोखरच डोळे झाकून घेतली. दोन वर्षांची व्हायच्या आत टिकलीचे मागचे पाय गेले. खुब्याचे सांधे जन्मापासूनच खराब, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी शेवटी तिला उचलून बाहेर न्यावं लागे, आणि अंगणात घाण झाली की ती बिचारी शरमून तोंड फिरवायची. शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं बेबीच्या मांडीवर होतं. त्या चॅम्पियन बापाच्या मालकाला बेबीने फोन केला, तर तो म्हणाला, "तुम्हीच जिने चढवले असतील." तो संताप तिच्या पोटात अजून तसाच होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती अण्णाकडे गेली. दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात करंडक, करंडकांना रंगीत फिती. वहिनी त्या कपाटाची धूळ पुसत होती. कर्नल कोपऱ्यात जाड गादीवर पडला होता. दिसायला काय देखणा! रुंद कपाळ, चकाकती काळी कातडी, जणू नुकतंच पॉलिश केलेलं. बेबीने हाक मारली तसं त्याने शेपूट आपटलं आणि उठायला लागला. आधी पुढचे पाय रोवले, मग मागचं धड ओढून वर घेतलं. मध्ये एकदा थांबला.

हे उठणं बेबीने टिकलीचं पाहिलं होतं.

तिने चेंडू घेतला आणि गच्चीच्या जिन्यावर टाकला. कर्नल उत्साहाने धावला, पण जिन्यावर त्याने मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारल्या. तिसऱ्या पायरीवर थांबून तो मागे वळला आणि माफी मागितल्यासारखा बघत राहिला.

"अण्णा, हा असा का चढतो?"

"आत्ता झोपेतून उठलाय. तू पण सकाळी कशी चालतेस ते आरशात बघ."

"याच्या खुब्याचा एक्स-रे काढलायस?"

अण्णा हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "कर्नलचा? अगं, किती परीक्षकांनी हात लावून तपासलंय याला. एवढे किताब काय वजनावर मिळतात?"

"हात लावून हाडाच्या आतलं दिसतं का? माझ्याकडे रोज माणसं येतात. देखणे, टपोरे डोळे असतात आणि समोरची पाटी वाचता येत नाही. मी डोळ्यांकडे बघून नंबर सांगत नाही, मशीनवर बसवते."

"चष्मे विकण्यात आणि कुत्री पाळण्यात फरक आहे."

वहिनी स्वभावाने साधी. वातावरण निवळावं म्हणून ती म्हणाली, "नाही हो वन्सं, शोला छान पळतो तो. आदल्या दिवसापासून गोळी चालू केली की अगदी वाऱ्यासारखा. मागच्या वेळी थोड्या जास्त द्याव्या लागल्या इतकंच."

अण्णाने बायकोकडे असं पाहिलं की तिने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कसली गोळी?" बेबीने विचारलं.

"ताकदीची."

"अण्णा, कसली गोळी?"

"दुखण्याची! सगळेच देतात. दोन मिनिटं रिंगणात पळायचं असतं, त्यात काय बिघडतं?"

"ज्याला गोळी दिल्याशिवाय दोन मिनिटं पळता येत नाही त्याची पिल्लं तू लोकांच्या पोरांच्या हातात देतोस?" बेबीचा आवाज चढला. "टिकलीला तू पाहिलं होतंस. माझ्या दारात बसून रडला होतास तू!"

"ते नशीब होतं."

"नशीब नव्हतं. तुझ्यासारख्याच कुणीतरी गोळी दिली होती तिच्या बापाला!"

ती चहाही न घेता निघाली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं काहीतरी पुटपुटत ती रस्ता ओलांडत असताना एका सायकलवाल्याने तिला शिव्या दिल्या, त्याही तिला ऐकू आल्या नाहीत.

रागाच्या भरात माणूस उलट्या टोकाला जातो. बेबीचंही तेच झालं. जो भेटेल त्याला ती सांगू लागली, किताब म्हणजे थोतांड, शो म्हणजे बाजार. मी साध्या घरातलाच नर बघणार. असा एक नर तिच्या माहितीत होता. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांचा ढब्बू. एक कान वाकडा, छातीवर पांढरा डाग, शोमध्ये उभाही केला नसता कुणी. पण चपळ असा की कुंपणावरून टुणकन उडी मारायचा, आणि स्वभावाने लोणी. मास्तर तर हरखूनच गेले. "माझा ढब्बू जावई होणार!" म्हणून त्यांनी ढब्बूचं चित्र काढून बेबीला भेट दिलं.

एक्स-रे मात्र तिने मास्तरांना काढायला लावला. नुसती औपचारिकता म्हणून. निकालाबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. "खुब्याची वाटी उथळ आहे. मांडीचं हाड नीट बसत नाही. दोन्हीकडे."

"काहीतरी चुकतंय तुमचं," बेबी म्हणाली. "तो कुंपणावरून उड्या मारतो."

"अंगाने हलका आहे, स्नायू घट्ट आहेत, म्हणून अजून त्रास नाही. वजन वाढू देऊ नका, म्हातारपणीही चालेल. पण पिल्लं नकोत याची."

बेबीला डॉक्टरांचाच राग आला. मग मास्तरांचा चेहरा बघून स्वतःचा आला. मास्तर ढब्बूचा वाकडा कान कुरवाळत एवढंच म्हणाले, "म्हणजे माझा नापास?"

ही बातमी अण्णापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो मुद्दाम दुकानात आला, आरशासमोर गॉगल लावून बघितला आणि म्हणाला, "काय म्हणतोय तुझा कुंपणवाला? किताब नाही, खुबाही नाही!" बेबी त्याच्या अंगावर एवढी ओरडली की शेजारचा घड्याळवाला उठून बघायला आला. पण अण्णा गेल्यावर ती मोहरीशेजारी जमिनीवर बसली आणि तिला कबूल करावं लागलं, की अण्णाने कपाटातले करंडक बघून कुत्रा पसंत केला, तसा आपण करंडक नाहीत हे बघून केला. हाडं दोघांनीही पाहिली नाहीत.

तो माज तसाच गेला. पुढच्या माजाच्या आधी डॉक्टरांनी तिला एका निवृत्त नर्सचा पत्ता दिला. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गावाबाहेरचं बैठं घर, मागे मोठं आवार. बेबी आत शिरली आणि भिंतीवरचा फोटो बघून तिचं डोकं फिरलं. सिस्टरचा कुत्रा बाळ्या, गळ्यात चॅम्पियनचा पट्टा.

"म्हणजे हाही किताबवाला," ती कोरडेपणाने म्हणाली.

"हो. हौस आहे मला. तो रिंगणात शेपूट हलवत फिरतो, मला बरं वाटतं." सिस्टरने खुर्ची पुढे केली. "पण तुम्ही त्यासाठी आला नसाल. हे घ्या एक्स-रे. खुबे, कोपर, डोळ्यांची तपासणी. आणि हा त्याचा बाप."

आतून एक पांढऱ्या तोंडाचा म्हातारा कुत्रा चालत आला, बेबीचा हात हुंगला आणि तिच्या चपलेवर बूड टेकून बसला. उठतानाही तो अडला नाही.

"एका पिल्लाला कातडीची खाज निघाली," सिस्टर आपणहून म्हणाली. "त्या घरचा नंबर देते, विचारा त्यांना. बाकीच्यांनाही जाऊन बघा. मी काय, माझ्या लेकराला चांगलंच म्हणणार."

बेबीला मनातला राग कुठे ठेवावा कळेना. तेवढ्यात सिस्टरने विचारलं, "तुमच्या मोहरीचा एक्स-रे आणलाय ना?"

बेबी हातातले एक्स-रे उलटसुलट करू लागली.

"नाही काढला?" सिस्टरच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "बाई, माझ्याकडे किती लोक येतात माहितीये? नराची पत्रिका मागतात आणि आपल्या मुलीचं बोलायचं नाव नाही. अर्धी पिल्लं आईचीच असतात की!"

भर वर्गात छडी बसावी तसं झालं बेबीला. गावभर सगळ्यांची हाडं मोजत फिरली, आणि स्वतःच्या टेबलाखाली कधी वाकून पाहिलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने मोहरीला नेलं. फिल्म येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर ती इतकी घाबरली होती की मोहरीनेच तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. खुबे चांगले निघाले. बाळ्याची पिल्लं जिथे जिथे गेली होती त्या घरांतही ती जाऊन आली, खाजवालं पिल्लूसुद्धा पाहिलं, आणि मगच हो म्हणाली.

मोहरीला सहा पिल्लं झाली. ती डोळे उघडायच्या बेतात होती तेव्हा क्लबाचं संमेलन आलं. भाड्याचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, खरखरणारा माईक. अण्णा व्यासपीठावर. कर्नलच्या पिल्लांसाठी पुढच्या नोंदी घेता घेता तो हसून म्हणाला, "आमच्या भगिनी किताबांच्या विरोधात होत्या. फिरून फिरून शेवटी चॅम्पियनच्याच दारात गेल्या!"

सभागृह हसलं. बेबी उठून उभी राहिली.

"चॅम्पियनच्या दारात गेले, पण त्याचे खुबे बघून," ती म्हणाली. माईकची तिला गरज नव्हती. "मला किताबाचं वावडं नाही. पण किताब सांगतो, कुत्रा त्या दिवशी कसा दिसला. त्याच्या पिल्लाला चालता येईल का, ते नाही सांगत. आणि अण्णा, ज्याला गोळी खाऊन रिंगणात उतरावं लागतं, त्याच्या नावाने नोंदी घेऊ नकोस. निदान या लोकांना सांगून घे."

खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "बाई, घरची भांडणं घरात ठेवावीत."

"हे घरचं नाही! माझ्या घरचं असतं तर एकच टिकली मेली असती."

तिच्या बाजूने कुणी बोललं नाही. कुणीतरी चहा आल्याचं जाहीर केलं आणि माणसं सुटका झाल्यासारखी उठली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे चहा पीत होते, हे बेबीला अण्णापेक्षाही जास्त लागलं.

अण्णाने बोलणं टाकलं. पण थोड्याच दिवसांनी भर दुपारी वहिनी दुकानात आली. हातात पट्टा, पट्ट्याला कर्नल. दोघंही घामाघूम.

"रिक्षावाल्याने कुत्रा बघून नाही म्हटलं, चालत आणला," ती म्हणाली. "वन्सं, ते डॉक्टर कुठे बसतात? रात्री कण्हतो हो हा. ह्यांना ऐकू येत नाही, मला येतं."

बेबीने गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलावलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

डॉक्टर कर्नलला तपासत असतानाच अण्णा धापा टाकत पोचला. "मला न विचारता माझ्या कुत्र्याला—" एवढं बोलून तो अडखळला, कारण डॉक्टरांनी कर्नलचा मागचा पाय हळूच ताणला आणि कर्नल ओरडला. चावला नाही. नुसता ओरडला आणि अण्णाकडे बघू लागला.

"गोळ्या कोणत्या देता? किती?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णाने खरं सांगितलं. सांगता सांगता खाली बसला आणि त्याने कर्नलचं डोकं धरून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, शो बंद, पिल्लं बंद, वजन कमी, रोज पोहणं, आणि औषध लागेल ते आम्ही ठरवू. अण्णा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता.

बाहेर पायरीवर तो बेबीला म्हणाला, "सभेत बोलायला नको होतंस."

"घरात बोलले होते. ऐकलंस?"

अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाला, "मोहरीच्या पिल्लांतलं एखादं मला—"

"नाही," बेबी म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता, आणि उतरला असं दाखवायची तिला घाईही नव्हती. "आधी ज्यांना ज्यांना कर्नलची पिल्लं दिलीस त्यांना फोन कर. मग बघू."

अण्णाने खिशातून फोन काढला, पण लावला नाही. वहिनीने कर्नलचा पट्टा हातावर गुंडाळला. बेबीने रिक्षाला हात केला आणि रिक्षावाला नाही म्हणायच्या आत कर्नलचे पुढचे पाय आत टेकवून मागचं धड दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं.