तिकडे कोणी बघतं का

इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालता घालता मावशींची अकरा वर्षं निघून गेली होती. परक्या मुलखात आल्या तेव्हा त्यांना तिथल्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. आता त्या मुकादमाशी त्याच भाषेत भांडायच्या. म्हणून इस्पितळानं आणि वस्तीतल्या मंडळानं मिळून गरोदर बायकांसाठी मोबाइलचा वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा शिकवायला मंडळाला दुसरं नाव सुचलंच नाही.

वर्ग दर गुरुवारी दुपारी, वाचनालयाच्या तळघरात. आपली भाषा बोलणाऱ्या आठ-दहा जणी कठड्याला धरून जिना उतरायच्या. इस्पितळानं प्रत्येकीला बीपीचं मशीन दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा बांधायचा, आलेला आकडा ॲपमध्ये भरायचा. हिरवा दिसला तर आपल्या कामाला लागायचं. लाल दिसला तर घाबरून जायचं नाही. "तिकडे सिस्टर बसलेली आहे," मावशी सांगायच्या, "लाल दिसला की तिचा फोन येतो." ही काही थाप नव्हती. पहिल्या चार महिन्यांत तिघींना फोन आले होते. एकीला तर सिस्टरनं तासाभरात दाखल करून घेतलं आणि बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. तेव्हापासून मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या बायकांत एक होती, तिला सगळ्या हळूबाई म्हणायच्या. शाळा चौथीत सुटलेली. पडद्याला बोट लावायच्या आधी ते कुर्त्याला पुसून घ्यायची. पासवर्ड तीनदा विसरली. एकदा तर वजनाच्या रकान्यात घराचा नंबर भरून बसली. "बये, चारशे बारा किलो? जिना मोडेल की," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांत जास्त हसली ती हळूबाईच. पण पोरगी चिकाटीची. दोन महिन्यांत नव्या आलेल्यांना तीच दाखवायला लागली. तिचा नवरा शीतगृहात माल चढवायचा. आधी फोनला हात लावू न देणारा तो गडी, आता कामावर जाताना फोन चार्ज करून तिच्या उशाशी ठेवून जायचा.

आठव्या महिन्यात एका सोमवारी तिचा आकडा लाल आला. डोकं ठणकत होतं. मंगळवारी पुन्हा लाल, आणि डोळ्यांपुढे काजवे. नवरा म्हणाला, सुट्टी टाकतो, दाखवून येऊ. ती म्हणाली, सुट्टी कशाला वाया घालवता, फोन येईल, मावशींनी सांगितलंय. बुधवारी तिनं दोनदाऐवजी पाचदा आकडा भरला. गुरुवारी सकाळी ओट्यापाशी तिला झटका आला आणि ती खाली कोसळली. शेजारणीनं रुग्णवाहिका बोलावली. बाई वाचली. मुलगी पोटातच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी कामाच्या कपड्यांवरच वर वॉर्डात गेल्या. हळूबाईचा चेहरा सुजलेला, एका डोळ्यानं अजून अंधुकच दिसत होतं. तिनं उशाखालून फोन काढून मावशींच्या हातात दिला.

"मी एकही दिवस चुकवला नाही, मावशी. पण बघा ना, चुकीच्या जागी तर नाही ना भरलं?"

मावशींनी एकेक आकडा तपासला. सगळे जागच्या जागी होते.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बरोबरच भरलंस तू."

तिथून त्या खाली कार्यालयात गेल्या. कारकुनानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. हळूबाईचे सगळे आकडे पोहोचले होते, एकही कुणी उघडून पाहिला नव्हता. सिस्टरची दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या विभागात बदली झाली होती आणि तिच्या जागी कुणाला नेमलंच नव्हतं. मंडळाला कळवायचं काम कुणाचं, हे कारकुनालाही ठाऊक नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षबाई ऐकून रडल्या, पण इस्पितळाशी वाकडं घेऊ नका म्हणाल्या. आहे तो वर्गही जाईल.

मावशींना एकच गोष्ट डाचत राहिली. इस्पितळानं सांगितलं असतं तर हळूबाईनं अर्धंच मनावर घेतलं असतं. आपल्या माणसानं सांगितलं, म्हणून ती तीन दिवस फोनकडे बघत बसली.

पुढच्या गुरुवारी तिचा नवरा जिना उतरून आला. मावशींनी जीव मुठीत धरला. पण त्यानं नुसतं मशीन टेबलावर ठेवलं. "दुसऱ्या कुणाला तरी होईल," म्हणाला, आणि निघून गेला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर मावशींना बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं इस्पितळानं ॲपमध्ये एक सूचना घालायचं ठरवलं आणि आपल्या भाषेत ती लिहून द्यायला मावशींना सांगितलं. त्यांनी लिहिलं: 'इथे भरलेले आकडे कोणी बघत नाही. आकडा लाल आला तर वाट बघू नका, निघा.' कार्यालयानं त्याचा अर्थ समजून घेतला आणि म्हणालं, भाषा फार कडक आहे, बायका घाबरतील. मग कुणाकडून तरी ती सुधारून घेतली. ॲपमध्ये अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आलं: 'सदर नोंदींचे नियमित अवलोकन होईलच असे नाही.'

त्या गुरुवारी वर्गाला चौघीच आल्या. त्यांतल्या सगळ्यांत नव्या मुलीनं ती ओळ अडखळत वाचली.

"अवलोकन म्हणजे काय, मावशी?"

"बघणं."

"मग तिकडे कोणी बघतं का?"

"नाही."

मग भरायचं कशाला, असं तिनं विचारलं. मावशींनी चौघींकडून इस्पितळाकडे जाणाऱ्या बसचा नंबर घोकून घेतला, कुठल्या थांब्यावर उतरायचं, कुठल्या दारानं आत शिरायचं, ते सगळं घोकून घेतलं. दारावर कुणी अडवलं तर काय करायचं, असं एकीनं विचारलं.

"तिथेच खाली बसायचं," मावशी म्हणाल्या. "आत घेईपर्यंत उठायचं नाही."

पुढच्या गुरुवारी दोघीच आल्या.