सतरा नंबरचा पेचकस

मास्तरीणबाईंना एक सवत होती. चाळीस फूट लांब, वयाने पन्नाशी ओलांडलेली, आणि जिथे उभी राहील तिथे तेलाचे डाग पाडणारी. विमानतळाच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये ती राहायची. नवरा रोज सकाळी आठला डबा घेऊन तिच्याकडे जायचा आणि संध्याकाळी हात काळे करून परत यायचा. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. "मी त्या सवतीच्या घराचा उंबरा चढणार नाही," असं बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

सवत म्हणजे एक जुनं लढाऊ जेट विमान. मास्तर शाळेतले नव्हेत, हवाई दलात इंजिन फिटर होते; त्यातली अकरा वर्षं त्यांनी याच जातीच्या विमानांची इंजिनं उतरवली आणि चढवली. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात, नातवंडं खेळवतात. यांना कळलं की आपल्या जातीचं शेवटचं विमान भंगारात निघालंय. झालं. ते वाचवायला आणखी दोघं सापडली. एक कॅप्टन, म्हणजे हे विमान एके काळी उडवणारे निवृत्त वैमानिक, ज्यांना आता शिडी चढायला पाच मिनिटं लागत. आणि दुसरा रेडिओ. तो इलेक्ट्रिशियन होता, पण त्याला हे नाव विजेच्या कामामुळे पडलं नव्हतं. तो बोलायला लागला की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे.

अशी गोष्ट जपायची म्हणजे हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं, मोल असतं आणि ते दर महिन्याला वाढतं. टायर एका जागी उभं राहून चपटे होऊ नयेत म्हणून आठवड्याला चाक पाव फेरा फिरवा. तेल बदला. रबरी नळ्या कडक होतात, त्या कुणी बनवत नाही, मग बनवणारा शोधा आणि त्याच्या पाया पडा. रविवारी लोकांना वैमानिकाच्या खुर्चीत बसवून तिकीट लावायचे, त्यात नळ्या निघत. टायर आले तेव्हा कॅप्टनची दुसरी गाडी गेली. आणि काडतूस मिळवायला दोन वर्षं पत्रं लिहावी लागली.

या विमानाचं इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. त्याच्या पोटात एक जाड काडतूस बसवायचं, ते पेटलं की धुराचा लोट निघतो आणि त्या दाबाने इंजिन फिरायला लागतं. ही काडतुसं बनायची बंद होऊन किती तरी वर्षं झाली. शेवटी एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या गोदामात एक सापडलं. एकच. मास्तर ते लोखंडी पेटीत, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवत आणि आठवड्यातून एकदा उघडून बघत.

त्या एकाच काडतुसावर सगळं येऊन ठेपलं होतं. विमानतळाने तीन वर्षांपूर्वी नियम काढला होता की तीन वर्षांतून एकदा जे स्वतःच्या इंजिनावर दहा मीटर चालेल ते विमान, त्याला शेड जवळजवळ फुकट. जे चालणार नाही ते भंगार, आणि भंगाराला शेड नाही. मुदत संपायला एकच दिवस उरला होता. मागच्याच आठवड्यात एक भंगारवाला येऊन पंखावर बोटाच्या पेरांनी टकटक करून गेला होता. "माल बरा आहे," म्हणाला. मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तर त्या सकाळी दहा वाजता विमान शेडच्या बाहेर ओढून उभं केलं होतं. जमिनीवर खडूने दोन रेघा मारल्या होत्या, मध्ये दहा मीटर. विमानतळाच्या मॅनेजरबाई हातात फॉर्म घेऊन आल्या होत्या. फॉर्मवर दोन चौकोन होते, "चालू" आणि "भंगार". त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "ही जागा तुम्हाला बारापर्यंत. बारानंतर इथे मालवाहू विमानं लागायला सुरुवात होते. उद्या तर दिवसभर तीच आहेत."

"साडेदहाला तुम्ही चहा प्यायला मोकळ्या," मास्तर म्हणाले, आणि सवयीने मागे वळून फळ्याकडे बघितलं.

आता हा फळा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. भिंतीवर पांढरा रंग दिलेला मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात आकृती काढलेली, खाली नंबर, वर खिळा. पाना काढला की मागे त्याची काळी सावली दिसते. एक जरी सावली रिकामी असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. कारण राहिलेलं हत्यार कुठेही असू शकतं, इंजिनाच्या तोंडातसुद्धा, आणि इंजिनाने ते गिळलं की आतली सगळी पाती गेली. ज्याचं हत्यार हरवेल त्याने आठवडाभर शेड झाडायची. हे सगळे नियम मास्तरांचे. रेडिओने नऊ वर्षांत अकरा वेळा शेड झाडली होती.

बेचाळीस हत्यारं. एक्केचाळीस जागेवर. सतरा नंबरची सावली रिकामी.

सतरा नंबर म्हणजे लाल मुठीचा, बोटाएवढा पेचकस. मास्तरांनी रेडिओकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," रेडिओ म्हणाला. "मी या आठवड्यात त्याला हातसुद्धा लावला नाही. आईची शपथ. आणि शपथ खोटी असली तर बायकोची."

शोधाशोध सुरू झाली. पेट्या उलट्या केल्या. खिसे उलटे केले. जी झाकणं काल सगळ्यांनी मिळून घट्ट बसवली होती ती उघडली. कॅप्टन खुर्चीखाली हात घालून चाचपत होते आणि दर दोन मिनिटांनी वरून विचारत होते, "सापडला का?" मॅनेजरबाई आधी घड्याळ बघत होत्या, मग फॉर्म खुर्चीवर ठेवून त्यांनीही चाकांच्या खोबणीत डोकावायला सुरुवात केली. अकरा वाजले.

रेडिओ मास्तरांच्या कानाशी आला. पहिल्यांदाच हळू बोलत होता. "मास्तर, माझ्या दुकानाच्या पिशवीत अस्साच एक आहे. लाल मूठ. तो टांगू. कुणाला कळतंय?"

"इंजिनाला कळेल," मास्तर म्हणाले आणि हवा ओढणाऱ्या तोंडातून आत सरपटत गेले. किडकिडीत अंगाचा हा एक फायदा होता.

आत अंधार, पोटाखाली गार पत्रा, आणि हातात टॉर्च. पुढे इंजिनाची पाती चकाकत होती. पेचकस नव्हता. मास्तर तसेच पालथे पडून विचार करायला लागले. शेवटचा कधी वापरला? बुधवारी. कशासाठी? आणि तिथे, त्या अंधारात, मास्तरांना ते आठवलं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी तो खिशात घालून घरी नेला होता. बाईंचं शिवणयंत्र अडलं होतं. जाड ताडपत्री घातल्यावर दुसरं काय होणार? आणि ताडपत्री कसली, तर याच विमानाच्या या दोन तोंडांना घालायच्या लाल झाकणांची. शिंप्याने सांगितलेला दर ऐकून मास्तर ताडपत्री तशीच घरी घेऊन आले होते, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, "आणा इकडे. सवतीला परकर शिवायची वेळ आली माझ्यावर." मास्तरांनी यंत्राचा पेच घट्ट केला होता. पण पेचकस तिथेच ठेवला, की परत खिशात घातला आणि गुरुवारी याच तोंडावर ओणवं होऊन काम करताना तो खिशातून घसरला? ते काही केल्या आठवेना.

बाहेर येऊन गप्प राहावं असं त्यांना एक क्षण वाटलं. वाटलं म्हणजे चांगलंच वाटलं. नऊ वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांना फैलावर घेतलं, त्याला कान पकडून उभं राहायचं म्हणजे मरणच. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ती पाती होती.

ते सरपटत बाहेर आले, उभे राहिले, आणि म्हणाले, "मी नेला होता. घरी. बहुतेक घरीच आहे."

रेडिओलासुद्धा शब्द सुचायला चार सेकंद लागले. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," तो म्हणाला, आणि पुढचं त्याने मोठ्या मनाने गाळलं.

मास्तरांनी घरी फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा बाईंनी उचलला.

"अगं, लाल मुठीचा पेचकस बघ बरं मशीनपाशी."

"खणात आहे. बुधवारपासून. मी म्हटलं, तुमचं लक्षच नसतं."

मास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी सगळ्यांकडे बघून मान हलवली. मॅनेजरबाईंनी हुश्श केलं. कॅप्टन शिडीकडे वळले.

"थांबा," रेडिओ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं होतं की त्याचा फोटोच काढायला हवा होता. "गेल्या वर्षी माझी पक्कड घरी राहिली होती. माझ्या भावाने फोनवर सांगितलं, इथे टेबलावर आहे. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, तोंडी हजेरी चालत नाही, हत्यार खिळ्यावर दिसलं पाहिजे. मला दोन बस बदलून जायला लावलं होतं. कोण बरं म्हणालं होतं?"

कोण म्हणालं होतं हे मास्तरांना चांगलं आठवत होतं. मॅनेजरबाईंनी घड्याळ दाखवलं, अकरा वाजून अठरा मिनिटं. मास्तर बसने घरी जाऊन यायचे म्हणजे दीड तास. त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"अगं, तो घेऊन येतेस का इकडे? बाराच्या आत हवाय. नाही आला तर ही उद्या भंगारात जाईल."

बाई म्हणाल्या, "म्हणजे मी नुसती घरी बसले की सवत गेली."

"हो," मास्तर म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

फोन बंद झाला.

त्यानंतरची तीस मिनिटं मास्तरांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी उघडलेली झाकणं एकेक करून बसवली. प्रत्येक पेचानंतर रस्त्याकडे बघितलं. नऊ वर्षांतले सगळे रविवार त्यांना आठवले, बाईंनी एकटीने केलेली लग्नकार्यं, भेटीगाठी, आजारपणं. ती नाही आली तर तिला बोल लावायला आपल्याला तोंड नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

बारा वाजायला बारा मिनिटं असताना फाटकातून एक स्कूटर आली. शेजारची मुलगी चालवत होती. मागे मास्तरीणबाई बसल्या होत्या, मांडीवर भलं मोठं लाल गाठोडं. त्या उतरल्या, साडी सारखी केली आणि विमानाकडे नाकापासून शेपटीपर्यंत बघून घेतलं.

"हीच का ती," म्हणाल्या. "फोटोत बारीक वाटते."

मास्तरांनी पेचकसासाठी हात पुढे केला. बाईंनी तो दिला नाही. रुमालाची गाठ सोडत त्या सरळ आत गेल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या, काळी सावली शोधली आणि सतरा नंबरच्या खिळ्यावर पेचकस स्वतःच्या हाताने अडकवला. बेचाळीसपैकी बेचाळीस.

कॅप्टन त्या दिवशी शिडी दोन मिनिटांत चढले. मास्तरांनी काडतूस बसवलं, मागे सरकले आणि हात वर केला. धप्प असा आवाज झाला, काळ्या धुराचा ढग उठला, त्यात सगळे दिसेनासे झाले. क्षणभर वाटलं, संपलं. मग धुराच्या आतून बारीक सूर निघाला, चढत चढत गेला, आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. इंजिन लागलं होतं. विमानाने नाक जरासं खाली केलं आणि ते पहिली रेघ ओलांडून पुढे निघालं. दुसरी रेघ ओलांडली तेव्हा बाराला चार मिनिटं बाकी होती. मास्तर रडत होते आणि त्यांनी डोळे पुसायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

मॅनेजरबाईंनी विमानाच्याच पंखावर फॉर्म ठेवून "चालू"वर खूण केली. केसांत काजळी, कोपराला ग्रीस, पण खूण ठसठशीत केली.

विमान परत आत ओढलं. इंजिन गार झाल्यावर रेडिओने गाठोडं सोडलं आणि लाल झाकणं चढवली. दोन्ही तोंडांना अशी बसली की बोट शिरायला जागा नाही. मग त्याने कोपऱ्यातला झाडू आणला आणि दोन्ही हातांनी, मानाने, मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी झाडायला सुरुवात केली. कुणी काही न सांगता त्यांनी पेट्यासुद्धा सरकवल्या. झाडता झाडता त्यांना आठवलं की ते शेवटचं काडतूस होतं, आणि तीन वर्षांनी पुन्हा हाच फॉर्म येणार. पत्रं लिहायची, आणखी काय? या वेळी पाकिटावरचे पत्ते बायकोकडून लिहून घ्यावेत, तिचं अक्षर चांगलं आहे, असा विचार करत ते शेपटीपाशी आले.

तिथे मास्तरीणबाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. त्या विमानाच्या मागच्या तोंडाचं माप घेत होत्या. पुढची झाकली आणि हे उघडंच, म्हणजे पाखरं घरटी करणार, हे नऊ वर्षांत तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"अहो," टाचण्या सांभाळत त्या म्हणाल्या, "त्या चाकाखाली राहिलंय. ते झाडा, आणि मग इकडे येऊन टेपचं टोक धरा."