भूमीच्या पोटातली आग

टेकाडावरच्या माळावर त्या सकाळी मोटारींची रांग लागली होती. एका कंपनीचे सगळे संचालक, त्यांची हिशेबनीस बाई, आणि वाटेवरून उगाच वर आलेले बघे. मधोमध भूमीबाबा. पांढराशुभ्र झब्बा, हातात तांब्याचा गडू, आणि डोळे असे मिटलेले, की जणू जमीन त्यांच्या कानात गाऱ्हाणं सांगत होती.

"ही भूमी आजारी आहे," बाबा म्हणाले. "हिच्या पोटात आग आहे. इथं यंत्रं ठेवाल, तर राख गोळा कराल."

त्यांनी काठीने माती उकरली आणि खड्ड्यात पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग सूं सूं आवाज आला, माती फसफसली आणि वाफेचा लोट वर चढला. माणसं मागे सरली. एका संचालकांचे हात आपोआप जोडले गेले.

कंपनीला डेटा सेंटर बांधायचं होतं, म्हणजे हजारो संगणक रात्रंदिवस चालणारी इमारत. गावोगावच्या इस्पितळांचे अहवाल तिथं साठवायचे होते. जागा दोन होत्या: हा माळ आणि खाली ओढ्याकाठची सपाट जमीन. जागा तपासायचं काम कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञ बाईंकडे होतं. या बाई कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या सख्ख्या भाची. घरी मामा म्हणायच्या, कचेरीत साहेब. दोन्हीकडे भोकं पाडून, माती काढून त्यांनी निकाल दिला होता. माळाखाली अभंग कातळ, वीज जवळ. ओढ्याकाठी चिकणमाती, आणि पावसाळ्यात पाणी चढण्याचा धोका. तेव्हा माळच घ्या.

मामांना ते पटलंही होतं. पण गेल्या उन्हाळ्यात जुन्या इमारतीतली गार हवेची यंत्रणा बंद पडली, संगणक तापून थांबले, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या एका माणसाचे अहवाल डॉक्टरांना उघडेनात. माणूस वाचला, मामांची झोप मात्र गेली. घाबरलेल्या माणसाला सल्लागार शोधावे लागत नाहीत, ते घरी येतात. ओढ्याकाठच्या जमिनीच्या दलालाने बाबांना आणलं ते असं.

खाली ओढ्याकाठी बाबांचं पाणी निमूट मुरलं. "आईच्या कुशीसारखी शीतल," बाबा म्हणाले, आणि दलालाला गहिवरून आलं.

भाचीचं लक्ष मात्र काठीकडे होतं. ज्या माळावर तिची पहार ठणठण उडत होती, तिथं बाबांची काठी चिखलात रुतावी तशी आत गेली होती. सगळे पांगल्यावर ती परत वर गेली. खड्ड्यातला पांढरा लगदा अजून कोमट होता. बांधकामावर वावरलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

"मामा, तो चुना आहे," तिने घरी जाऊन सांगितलं.

"डोळ्यांनी पाहिलंस ना तू?"

"वाफ पाहिली. आग कुठं पाहिली?"

मामांनी कराराचे कागद पुढे ओढले. मग म्हणाले, "उद्या ओढ्याकाठीच करार आहे. मला पुन्हा तसा प्रसंग नको, एवढंच."

"मग सही करण्याआधी मला थोडं बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सगळ्यांसमोर ती पाण्याची साधी बाटली घेऊन उभी राहिली.

"बाबा, ही जमीन शीतल ना?"

"बर्फासारखी."

"कुणीही पाणी ओतलं तरी?"

"समुद्र ओत, बाळ."

तिने बाटली उपडी केली. थोड्या वेळात जमीन फसफसली आणि तस्साच वाफेचा लोट उठला. दलालाचा चेहरा उतरला. बाबा मात्र मुरलेले.

"कुणा पाप्याचा पाय पडला," ते गरजले. "भूमी कोपली."

"पाय माझाच होता," ती म्हणाली. "सकाळी येऊन इथं चुनकळी, म्हणजे चुन्याचे कोरडे खडे, पुरली मी. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते. पाणी लागलं की ती अशी उकळते. ना पाप लागतं, ना मंत्र. आता माळावर चला, मी दाखवीन तिथं तुमचं पाणी ओता."

"भूमातेची परीक्षा घेऊ नये."

"मग काल काय घेत होता?"

हिशेबनीस बाईंना हसू आवरेना. "म्हणजे आपल्याला खरोखरच चुना लावत होते की," त्या म्हणाल्या.

मामांनी बाबांच्या हातातून गडू घेतला आणि स्वतः माळ चढले. इथं ओतलं, तिथं ओतलं. पाणी दगडावरून मुकाट वाहून गेलं. मग भाचीने कालचा खड्डा फावड्याने रुंद केला, तर अर्धवट विझलेली चुनकळी आणि गोणीचा तुकडा वर आला.

बाबांच्या पोटात अचानक दुखू लागलं. आग बहुधा तिकडेच सरकली होती. "मी फक्त गोणी आणून दिली," दलाल कुणी न विचारताच बोलून गेला.

मामा एका दगडावर बसले. "इतकी शिकलेली माणसं आम्ही, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही."

"भीती वाटली की माणूस विचारायचं सोडतो, मामा. संगणक जमिनीमुळे तापत नाहीत, वीज खाऊन तापतात. गारव्याची दुसरी यंत्रणा बसवा, पहिली बंद पडली तर ती चालेल. झोप त्याने येईल."

इमारत माळावर उभी राहिली. ओढ्याकाठची जमीन त्याच पावसाळ्यात कंबरभर पाण्याखाली गेली. शीतल होती, एवढं बाबांचं खरं.

चमत्कार दाखवणारे पुन्हा येतील. हात जोडण्याआधी त्यांना इतकंच म्हणावं: आता हेच, आम्ही सांगू त्या जागी करून दाखवा. खऱ्याचं त्यात काही जात नाही. आणि समोरचा रागावला, तर उत्तर मिळालंच.