मधली कपार मी अडवून बसलोय

मित्रांनो, आमच्या टाकीतलं सगळ्यात देखणं प्रवाळ म्हणून माझी एकमतानं निवड झाली. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही, मीही बोललो नाही. असं काही घडलेलंच नाही. आपण नीट सुरुवात करू.

मी एक जुनं रबरी प्रवाळ आहे. रंग गुलाबी. इतका गुलाबी, की समुद्रातल्या कुठल्याही प्राण्याला तो झेपणार नाही. माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी, त्याच न वितळणाऱ्या सिलिकॉन रबरातून, शेजारच्या यंत्रावर केकची भांडी निघाली. ती माझी सख्खी भावंडं. ती निदान भट्टीत जातात, कुणाच्या तरी उपयोगी पडतात. मी डुलतो. पाणी हललं की डुलायचं, एवढंच माझं शिक्षण.

मला ज्यांनी विकत घेतलं ते कवळ्या बनवतात. दुसऱ्यांसाठी खोटे दात घडवायचे आणि ते खरे वाटेपर्यंत घासायचे, हा त्यांचा धंदा. घरातली मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. "निदान घरी तरी काहीतरी खरं असावं," असं म्हणत बाबांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. आणि त्या खऱ्याखुऱ्या टाकीत सगळ्यात आधी मला ठेवलं. माझ्या शरमेची सुरुवात इथून झाली.

त्यालाही कारण होतं. नव्या टाकीतलं पाणी लगेच राहण्याजोगं नसतं. ते तयार होईपर्यंत बरेच आठवडे नुसते दगड बघत बसावं लागतं. एक दिवस मुलीच्या आईनं विचारलं, "तुम्ही दगड पाळलेत का?" दुसऱ्या दिवशी मी हजर.

मला मधल्या कपारीत बसवण्यात आलं, कारण सोफ्यावरून पहिली नजर तिथेच पडते. मित्रांनो, ती टाकीतली सगळ्यात चांगली जागा आहे. तिथे वरच्यासारखा भगभगीत उजेड नाही आणि तळासारखा अंधारही नाही. पंपाचा झोत आधी दगडावर आपटतो आणि मऊ होऊन तिथे येतो. यातलं मला काहीच लागत नाही. मला दोरीवर वाळत घाला, फ्रीजमध्ये ठेवा, मी असाच राहतो.

पुढे नारिंगी माशांचं एक जोडपं आलं. त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं आणि माझ्यातच संसार थाटला. अहो, मी रबर आहे, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. पण बोलता येत नसल्यामुळे माझं म्हणणं पोहोचलं नसावं.

मग हातोडी आली. ती जिवंत होती. मोठ्या प्रवाळापासून कापलेला, सिमेंटच्या चकतीवर चिकटवलेला तो दोन तोंडांचा तुकडा होता. दोन्ही तोंडांभोवती मऊ बोटांचे झुबके, आणि बोटांची टोकं हातोडीसारखी. अंग तपकिरी-हिरवं, म्हणजे माझ्या शेजारी अगदीच साधी. दुकानदार तिला घेऊन स्वतः घरी आला. दारातच म्हणाला, "पहिलीच टाकी आहे ना साहेब? मग सध्या एवढी एकच जगवा. मधल्या उंचीवर ठेवा, हलका झोत द्या, आणि हिच्या जवळ दुसरं प्रवाळ नको. बाई शेजाऱ्यांना डंख मारते."

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मधे ठेव."

"मधे गुलाबी आहे ना. वर ठेवू. हिला चांगला मानाचा उजेड देऊ."

मानाचा उजेड म्हणजे थेट दिव्याखाली. थोड्याच दिवसांत हातोडी फिकी पडू लागली. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. बाबांनी मात्र कामावरून दातांच्या रंगांची पट्टी आणली. तिच्यावर पिवळटापासून पांढऱ्यापर्यंत छोटे छोटे दात ओळीनं लावलेले असतात. ती काचेला लावून, एक डोळा मिटून त्यांनी निकाल दिला, "दोन शेड उजळली! तब्येत सुधारतेय हिची."

"बाबा, तो दात नाहीये."

"अगं, पण चमक बघ!"

त्यांच्या आयुष्यात पांढरं होणं ही कायम आनंदाचीच बातमी होती. त्यांनी दिवा आणखी वाढवला.

याच काळात माझ्यावर शेवाळाचा तपकिरी थर बसला. बाबा मला बाहेर काढून कवळीच्या ब्रशनं घासत, धूत आणि परत कपारीत बसवत. वर एक जीव पांढरा पडत होता आणि खाली माझी आंघोळ चालली होती. माझं तोंड लाजेनं लाल झालं असतं. पण ते आधीच गुलाबी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी हातोडीचं एक तोंड गळून पडलं. मागे पांढरा, खडबडीत सांगाडा उरला. तेव्हा बाबा चपापले. रिकामी हिरडी त्यांना बरोबर ओळखता येते. त्यांनी दुकानदाराला व्हिडिओ फोन लावून टाकी दाखवली.

"साहेब, ती गोरी होत नव्हती, उपाशी मरत होती," दुकानदार म्हणाला. "तिच्या अंगात बारीक शेवाळ असतं, तेच तिला खायला घालतं. तुमच्या दिव्यानं ते हाकलून लावलं. उरलेलं तोंड वाचवायचं असेल तर आत्ता मधे घ्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "रविवारनंतर घेतलं तर चालेल?"

रविवारी आत्या येणार होत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तोवर हातोडीला तळाच्या कोपऱ्यात, पंपाच्या तोंडाशी ठेवलं. तिथल्या झोतात तिनं उरलीसुरली बोटं आत ओढून घेतली.

आत्यांनी आल्या आल्या काचेला नाक लावलं. "अगं बाई! हा गुलाबी किती सुरेख आहे रे! आणि तुझ्या हातून जगला? तुझ्या हातून तर कधी कुंडीतलं रोप टिकलं नाही!"

मुलगी बाबांकडे बघत होती. मुलीची आई छताकडे बघत होती. खरं सांगायला ही चांगली वेळ होती.

"फार जपावं लागतं," बाबा म्हणाले.

"आणि ते कोपऱ्यातलं मेलेलं कशाला ठेवलंयस? फेकून दे की."

"ते... बघू."

सगळ्या टाकीत मीच देखणा, असं आत्यांनी जाहीर केलं. कुणी विरोध केला नाही. मासे माझ्यातून बाहेर आले नाहीत, तेव्हा त्यांचाही पाठिंबा धरण्यात आला.

आत्या गेल्यावर मुलगी म्हणाली, "आता काढ ना त्याला. ती मरेल."

बाबांनी बाही वर करून हात पाण्यात घातला. बोटं माझ्यापर्यंत पोहोचली. तेवढ्यात माशानं येऊन त्यांच्या अंगठ्याला टोचा मारला. त्यांनी हात मागे घेतला.

"त्यांचं घर आहे गं ते. आणि आत्या पुन्हा आली तर तिला काय सांगू?"

"रबर होतं म्हणून सांग."

बाबांनी टॉवेल ओढला. बराच वेळ हात पुसत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. आता ते सोफ्यावर बसतात, पण टाकीकडे बघत नाहीत. मीही त्यांच्याकडे बघत नाही. हातोडीचं उरलेलं तोंड अजून दिवसातून एकदा दोन-तीन बोटं बाहेर काढून बघतं, आणि परत मिटतं.

मित्रांनो, जे कधीच कोमेजत नाही त्याला घासूनपुसून काय मिळणार? जे कोमेजू शकतं त्याच्याकडे बघा, आणि रविवारच्या आधी बघा.

सबब, संबंधितांस नम्र विनंती की, मधल्या कपारीतील सध्याच्या रहिवाशास कोणतीही पूर्वसूचना न देता तत्काळ हटवण्यात यावे. सदर जागा हातोडीच्या उरलेल्या तोंडास, ते उघडत आहे तोवर, देण्यात यावी. आणि नारिंगी जोडप्याची योग्य शब्दांत समजूत काढण्यात यावी. अर्जदार दगडाला कुठेही चिकटलेला नाही. नुसता उचलला तरी निघतो.