'मेक'चं पान

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-चिनी शब्दकोश आहे. शब्दकोश कसला, अर्धासुद्धा उरलेलो नाही. हुनानमध्ये युआन नदीकाठी, सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत माझा सारा जन्म गेला.

कारखान्यातल्या ताओ काकांनी मला थोरल्या लेकीसाठी, वेनशिउसाठी आणलं. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला दोन वर्षं होती. पोरगी हुशार आणि तितकीच हट्टी. तिच्या शाळेत तेव्हा एक खूळ होतं: पाठ झालेलं पान फाडून टाकायचं, म्हणजे पुन्हा बघायची सोयच नको. ती रोज घोकायची आणि पान शेगडीत घालायची. शेजारीपाजारी तोंडभर कौतुक करत. दुखायचं ते मला.

'मेक' या क्रियापदाने माझं एक अख्खं पान व्यापलं होतं. बनवणं, भाग पाडणं, कमावणं, वेळेत पोचणं, भांडण मिटवणं... धाकटी लानयिंग शेजारी बसून ऐकत होती.

"अगं बाई, एकटा शब्द केवढा राबतो! आपल्या आईसारखा."

दोघी खूप हसल्या. मग वेनशिउने पानाला हात घातला, तशी धाकटी कळवळली.

"ताई, एवढं एक ठेव ना. हे मला फार अवघड जातं. पुढे माझीही परीक्षा आहे."

"तुझ्या वेळी नवा कोश पाठवीन, वुहानहून. शपथ!"

पान शेगडीत गेलं.

वेनशिउ पास होऊन वुहानला गेली. पत्रं येत राहिली, नवा कोश काही आला नाही. लानयिंगच्या वाट्याला मी आलो, 'टी' अक्षरापासून पुढचा. तिने मला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि उरलेला सगळा पाठ केला. दोनदा परीक्षेला बसली, दोन्ही वेळा इंग्रजीत नापास झाली.

"बास झालं आता," ताओ काका म्हणाले. "कारखान्यात पोती शिवायला माणूस हवंय."

तिने मला पुसलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्या दिवशी मला रडू आलं, पण कागदाला रडण्याची सोय नसते.

पुष्कळ वर्षांनी नववर्षाला वेनशिउ माहेरी आली. आता ती मोठी बाई होती. घरातल्या मुलांना सांगू लागली, "मी रोज पान पाठ करायची आणि फाडायची! अशी जिद्द हवी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. लानयिंग धुरावलेलं मांस कापत होती.

"ताई, 'मेक'चं पान मी मागितलं होतं. आठवतं?"

"कुठलं गं पान?"

"असू दे. जेवायला बस."

मित्रांनो, खूप शिका. पण आपल्या मागे कोण ताटकळत उभं आहे, तेही बघा. माझी जळलेली पानं वेनशिउला पाठ आहेत. लानयिंगला ती कधी वाचायलाच मिळाली नाहीत.